एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष महोदया, मंचावरील सन्माननीय पाहुणे, आपल्या तिरंदाज मंडळाचे सचिव आणि सभासद, पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाई, शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले माझे यजमान, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सत्कारमूर्तींना मी अजून नमस्कार केलेला नाही, हे तुमच्यातल्या चोखंदळ मंडळींच्या लक्षात आलं असेल. तो शेवटी करणार आहे. त्याला कारण आहे, आणि ते कळायला तुम्हाला माझं सगळं भाषण ऐकावं लागेल.

सचिवसाहेबांनी मला परंपरेवर बोलायला सांगितलं होतं. परंपरेवर बोलण्याइतकी मी मोठी नाही. मी आमच्या खोलीवर बोलते. घराच्या मागे एक लांबट खोली आहे. तिच्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच अखंड कामाचं टेबल. टेबलाच्या एका टोकाला, भिंतीत पक्की ठोकलेली खुंटी आणि तिच्याखाली कप्पी. अर्धवट झालेलं धनुष्य त्या खुंटीवर आडवं ठेवायचं, त्याच्या दोरीला दोरखंड अडकवायचा, तो कप्पीतून घ्यायचा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून ओढायचा. धनुष्य कसं वाकतंय ते लांबूनच दिसतं. याच खोलीत बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सगळं आयुष्य गेलं.

आता तुम्ही विचाराल, मुलगा असताना हे काम सुनेकडे कसं आलं? तर लाकडाचा भुसा उडाला की माझे यजमान शिंकायला लागतात, ते रात्रीच्या जेवणापर्यंत. वारसा त्यांनी नाकारला नाही हो, त्यांच्या नाकानं नाकारला. हसू नका, ते मागे बसून मान डोलावतायत. आणि माझं म्हणाल, तर मी जिथे शिवणकामाला जायचे ते दुकान बंद झालं होतं. घरात बसून जीव आंबला होता. एक दिवस मागच्या खोलीतला भुसा झाडायला गेले. बाबांनी माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि लाकूड खरवडायचं पातं दिलं. म्हणाले, "झाडायचं आहेच, आधी थोडा कचरा तरी कर." ती माझी दीक्षा.

लाकडाची साल काढली की खाली थर असतात, झाडाच्या एकेका वर्षाचा एकेक. त्यातला एक थर निवडायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तोच अखंड उघडा करत जायचं. मध्ये कुठे तो कापला गेला, की धनुष्य नेमकं तिथेच मोडणार. वाटेत गाठ आली तर तिला धक्का लावायचा नाही, भोवतालचं लाकूड उतरवायचं आणि तिचा उंचवटा तसाच ठेवायचा. मला वाटलं होतं, सुई-दोऱ्याचा हात आहे आपला, चुटकीसरशी जमेल. कसलं काय! बोटं सुजली, पाठ धरली, आणि एक थर काही सापडेना. मी चिडले की बाबा म्हणायचे, "सूनबाई, घाई कुणाला आहे? झाडाला तर नव्हती."

थर जमला की मग वाकवणं. धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या दोन बाजू, सारखे वाकायला हवेत. जो ताठ राहतो, त्याच्या पोटातून, म्हणजे आतल्या बाजूनं, अगदी केसभर लाकूड काढायचं. पुन्हा खुंटीवर ठेवायचं, पुन्हा ओढायचं. बाबा तिकडे दोरखंड धरून उभे, आणि मला मात्र इकडे खुंटीजवळ उभं करायचे. कारण लाकूड मोडायच्या आधी बोलतं. नखावर नख घासल्यासारखा अगदी बारीक आवाज येतो. तो आला की ओढणं तिथल्या तिथे थांबवायचं. दर वेळी बाबा मला विचारायचे, "आलं काही?" मी कान टवकारून सांगायचे, आलं किंवा नाही. मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. गुरूच ते, त्यांना काय ऐकू आलं नसेल?

आमच्या खोलीचा एक कायदा आहे. मोडलेलं धनुष्य लगेच शेगडीत घालायचं नाही. का मोडलं, हे ज्याचं त्यानं सांगायचं, मग जाळायचं. कारण सापडेपर्यंत ते दारावर टांगलेलं राहतं. आणि काहीही सांगा, पण "लाकूडच वाईट होतं" हे कारण चालत नाही. लाकूड निवडलं कुणी? आपणच ना? माझी कितीतरी धनुष्यं त्या दारावर टांगून झाली. त्यांच्याखालून आत जाताना मान आपोआप खाली जायची.

गेल्या हिवाळ्यात मी तापानं अंथरुणाला खिळले होते. बरी होऊन खोलीत गेले, तर दारावर एक नवं मोडकं धनुष्य. बाबांचं. बाबांचं धनुष्य त्या दारावर मी कधी पाहिलं नव्हतं. मी ते काढून हातात घेतलं, थर तपासला, गाठी तपासल्या. काम निर्दोष होतं. मी विचारलं, "बाबा, कशानं गेलं?"

बाबा पातं पुसत राहिले आणि म्हणाले, "लाकूड."

अध्यक्ष महोदया, खोलीचा कायदा आठवतोय ना? हा माणूस लाकडाला दोष देतोय? मी जवळ गेले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि हळूच म्हणाले, "बाबा, लाकूड नव्हतं."

माझ्या तोंडाकडे बघत त्यांनी पातं खाली ठेवलं. मग म्हणाले, "नव्हतं. ते बोललं असणार. मला ऐकू आलं नाही."

"कधीपासून?"

"तू यायच्या थोडं आधीपासून. माणसांचं बोलणं समजतं गं, समोर असली तर. ते बारीक मात्र गेलं."

तर ती परीक्षा नव्हती. इतके दिवस ते माझ्या कानांनी ऐकत होते. आणि घरात आम्हा कुणाला पत्ता नाही! तसं पाहिलं तर आमचाही इलाज नव्हता. सासूबाईंची पहिल्यापासूनची तक्रार, की हे माझं काही ऐकतच नाहीत. त्यामुळे खरंच ऐकू येईनासं झालं तेव्हा फरक कसा कळणार? पुढे कानातलं यंत्र आणून झालं. त्यानं भांड्यांचा आवाज मोठा झाला, तो बारीक आवाज काही आला नाही.

त्या दिवशी खोलीतच मी एक प्रश्न विचारला. विचारायला नको होता, पण राहवलं नाही. म्हटलं, "म्हणून मला शिकवलंत का?"

बाबा म्हणाले, "सुरुवातीला म्हणूनच. मग तुझा हात बघितला. नंतर तुला शिकवायचं म्हणूनच मी खोलीत यायचो."

मला माझ्या आईवडिलांनीही असं कधी काही म्हटलेलं नाही. मी पदर डोळ्याला लावला आणि दोष भुशाला दिला.

पण त्याच दिवशी त्यांनी ठरवून टाकलं. ज्याला काम ऐकू येत नाही त्यानं दोरखंड धरू नये, असं म्हणाले आणि दाराबाहेर पडले. छपराखालच्या आडव्या तुळईवर एक लाकूड ठेवलेलं होतं. सासूबाईंशी लग्न झालं त्या वर्षी आणलेलं, सर्वांत चांगलं धनुष्य करायचं म्हणून राखून ठेवलेलं. बाबांना ते हातात घ्यायचा धीर झाला नव्हता. मी शिडी लावली, ते खाली उतरवलं आणि टेबलावर ठेवलं. मग घरात जाऊन म्हटलं, "बाबा, हे मी एकटीनं केलं तर मोडणार. मला ऐकू येतं, पण वाक बघायची तुमची नजर मला नाही."

आले. कुरकुरत आले, पण आले.

मग आम्ही एक युक्ती काढली. बाबांनी दोरखंड धरायचा, नजर धनुष्यावर ठेवायची आणि कंबर टेबलाला टेकून उभं राहायचं. मी टेबलाच्या या टोकाला, धनुष्याशी कान लावून. बारीक आवाज आला की मी टेबलावर एकदा ठोकायचं. एक म्हणजे थांबा. सगळं ठीक असलं की दोनदा. दोन म्हणजे ओढा. लाकडातून तो ठोका त्यांच्या अंगात जायचा. माझा हात पहिल्या दिवशी इतका थरथरत होता, की बाबा ओरडले, "अगं, हे एक आहे, दोन आहे, की तुला थंडी वाजतेय?"

इथे मंचावरच्या टेबलावर कापडाखाली जे झाकून ठेवलंय, ते तेच धनुष्य. पूर्ण ओढलं त्या दिवशी मी दोन ठोके दिले आणि बाबांनी तिकडून दोन ठोके परत दिले.

आता मुद्द्याचं. हे धनुष्य झालं, आणि बाबांनी खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, समारंभानंतर मी खोलीत येणार नाही, शेवट चांगला झालाय, इथेच थांबू दे. कार्यक्रमपत्रिकेवरही तुम्ही 'निरोप' असंच छापलंय. मी ती किल्ली घेतलेली नाही. घरात रोज विनवलं, तर ते खिडकीकडे तोंड करून बसतात. समोर तोंड असलं तरच ऐकू येतं ना, मग न ऐकायचं झालं की पाठ फिरवायची. मोठे चलाख आहेत. माझी दोन धनुष्यं अर्धी पडलीत. वाक बरोबर आहे की नाही ते मला दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर, त्या खोलीत एकटीला मला करमत नाही.

आत्ताही माईकवरचा माझा आवाज त्यांना नुसता गलका वाटत असणार. पण बघा, मंचावरच्या टेबलावर त्यांनी पालथा हात ठेवलाय. मघापासून तसाच आहे. सवय आहे त्यांना.

मंडळानं हा सोहळा घडवून आणला, सचिवसाहेबांनी धावपळ केली, अध्यक्ष महोदयांनी वेळ काढला, आपण सर्व जमलात, सर्वांची मी अतिशय ऋणी आहे. सासूबाई, तुमच्या घरातल्या गोष्टी चारचौघांत काढल्या, तेवढं पोटात घाला. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कमीजास्त बोलले असेन, तर सुनेचं बोलणं म्हणून सोडून द्या.

आणि एक विनंती. मी खाली उतरेन तेव्हा टाळ्या वाजवू नका, त्या त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत. या सभागृहाची जमीन लाकडाची आहे. मी आता या टेबलावर ठोकते आहे. हाच माझा बाबांना नमस्कार. माझ्यानंतर तुम्ही सर्वांनी पायांनी तेवढेच ठोके द्या.

हे माझे, बाबा. दोन.

आता तुमचे, मंडळी. वा! खुर्च्यासुद्धा हलल्या!

जरा थांबा, कुणी बोलू नका. बाबांचा हात बघा.

एक...

दोन. सोमवारी सकाळी, बाबा. किल्ली तुम्हीच घेऊन या.