वळणावरचा शेंदराचा दगड

रस्त्याचं निघालंच हाय तर एक सांगतो. तेलगावकडच्या राज्य मार्गाला दिल्लीवरून निधी आला, रुंदीकरण ठरलं, तेव्हा मी मोजणीचा टेप धरायला गेलतो. एका वळणावर मोठा खड्डा होता आणि त्याच्या तोंडाशीच शेंदूर फासलेला दगड. गाडीवाले तिथं आले की वेग कमी करायचे, एक हात कपाळाला लावायचे आणि पुढं जायचे.

इंजिनियर साहेबांनी कागदावर लिहिलं, 'धार्मिक स्थळ'. म्हणाले, "हे हलवायला आता गावाचा ठराव लागेल."

बाजूला मेंढरं राखणारे नामदेवकाका उभे होते. ते म्हणाले, "ठराव कावून पायजे, साहेब? त्यो देव न्हाई."

"मग शेंदूर कुणी लावला?"

"मीच. माझी सून हितंच मोटारसायकलवरून पडून गेली. खड्डा बुजवा म्हणून लई अर्ज दिले. मग ह्यो दगड आणून ठिवला. खड्डा बघून कुणी हळू होत न्हाई, देव बघून होत्यात."

साहेबांनी लिहिलेलं खोडलं. "मग काढायचा का, काका?"

"आधी खड्डा बुजवा. मग मीच नेतो."

रस्ता झाला तसे काका टेम्पो घेऊन आले. दगड उचलू लागायला मी त्यांच्या घरापर्यंत गेलो. काकांनी घासून घासून सगळा शेंदूर काढला आणि दगड हौदापाशी मांडला.

मी विचारलं, "आता कशाला ठेवता हा?"

"सुनेचा धुण्याचा दगड हाय," काका म्हणाले. "लई दिस रस्त्यावर होता. आता घरी आला."