वाटीभर कारळ्याची चटणी

शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे तुमच्याही घरी असेलच. त्यापायीच माझी फजिती झाली. माझी आई आणि समोरच्या लातूरच्या काकू रोज एकमेकींना काहीतरी चाखायला देतात. काल दुपारी काकूंनी वाटीभर पिठलं आणलं. आई कंपनीत, फर्स्ट शिफ्टला होती. मी पिठलं काढून घेतलं, वाटी धुतली आणि बरणीतली कारळ्याची चटणी तिच्यात भरून दिली.

काकूंनी चिमूटभर जिभेवर ठेवली. "आईनं केली का गं?"

तेव्हा मला आठवलं. ही चटणी गेल्या आठवड्यात काकूंनीच दिली होती आणि आमच्याकडे कुणी तिला हात लावला नव्हता. मी हो म्हणून मान हलवली.

"छान झालीय," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी दोघी जिन्यात भेटल्या. मी आईच्या मागेच होते.

"वहिनी, तुमची चटणी दोन दिवसांत संपली बघा," आई म्हणाली. "मला काही तशी जमत नाही."

"जमतीय की," काकू म्हणाल्या. "आज दुपारीच खाल्ली मी."

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी चपलांकडे.