साळवींकडचा टर्बो

माझी जुनी टर्बो गाडी तुम्ही बघितलीच आहे. मीरा रोडला साळवी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्याकडून घेतलेली. गाडी पळते बरी, पण मला अजून ताकद हवी होती. काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंना मोठ्या टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं विचारलं, तर नव्याचा भाव माझ्या आवाक्याबाहेरचा निघाला.

ते म्हणाले, "सेकंडहँड देखो. बस, आपकी गाडी में फिट होना चाहिए."

महिनाभर मोबाइलवर जाहिराती चाळल्या. शेवटी माझ्याच मॉडेलचा, मोठा आणि परवडणारा एक टर्बो भाईंदर पूर्वेला सापडला. फोनवर एक बाई बोलल्या, "मिस्टर रविवारी घरी असतात, तेव्हा या."

रविवारी गेलो, तर दार साळवींनी उघडलं. ते आता तिथे राहायला आलेत, हे मला कुठे माहीत?

"अरे, तुम्ही? या ना. गाडी काय म्हणतेय?"

"बरी आहे. टर्बो बघायला आलोय."

ते जरा अवघडले. मग आतून खोकं घेऊन आले. मी टर्बो उलटसुलट करून बघितला, पंखा बोटाने फिरवला. माल चांगला होता.

"पण माझ्या गाडीत नक्की बसेल ना?" मी विचारलं.

साळवींनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "बसेल की. तुम्हाला गाडी द्यायच्या आधी छोटा बसवून हा तिच्यातूनच काढलाय."

राग तर आला. पण एवढी खात्री दुसरं कोण देणार? घेऊनच निघालो.