निळी दोरी

हॅलो?… हॅलो, कोण?… उल्के! अगं तू! मला वाटलं आईचा फोन… थांब थांब, हात पुसते, साबणाचे आहेत. गच्चीवर धुणं भिजवत होते, तेवढ्यात चंद्राबाईंनी खालून हाक मारली, ‘सुखदा, मुंबईचा फोन,’ तशी दोन-दोन पायऱ्या गाळत आले… हां, बोल.

कुठून म्हणजे? हॉलमधूनच! फोन घरमालकिणीचा, हॉल घरमालकिणीचा. समोरच बसल्यात, अवरेच्या शेंगा सोलत… हो, विचारते. अक्का, उल्का विचारतेय, बऱ्या आहात ना?… बऱ्या आहेत म्हणे. आणि लवकर आटप म्हणे.

विमान आजच ना, रात्रीचं? सिंगापूरला उतरायचं, तिथून बोट… मग नाचत सांग की! रडतेस काय?… किती?… एकतीस किलो? आणि वीसच चालतात? उल्के, तू नवऱ्याबरोबर सहा महिने बोटीवर राहायला चाललीयस की बोटीवर दुकान टाकायला?

ध्रुव काय म्हणतो?… ‘तुझं तू ठरव.’ वा! एवढ्या मोठ्या बोटीचा इंजिनियर, आणि बायकोच्या बॅगेपुढे हात टेकले… बरं, ऐक. बॅग पलंगावर ओत. सगळी… ओत गं! मी आहे ना.

काय काय दिसतंय?… कुकर? सासूबाईंनी घातला?… अगं बोटीवर आचारी असतो! काढ… वाईट वाटेल त्यांना? मग ध्रुवला काढायला सांग. मुलाने काढला तर नाही वाटायचं.

साड्या?… पाच? पाचही सिल्कच्या? नाही, नाही, नाही. एक. कॅप्टन कधी पार्टी देतो, तिला एक पुरे… मला कसं माहीत? आमच्या ऑफिसातल्या त्रिविक्रमची वहिनी दोनदा जाऊन आलीय अशी. मुद्दाम फोन केला मी तिला… मग, तुझ्यासाठीच! मला काय करायचंय, मी इथे कोरमंगलात बसून कॉम्प्युटरमधला दोन हजार सालचा घोळ निस्तरतेय.

अगं ऐक ना, ती म्हणाली, सगळ्या ऑफिसरांना मिळून धुण्याचं मशीन एकच. आपण जावं तर कोणाचा तरी इंजिनरूममधला डांगरी सूट फिरत असतो आत, ग्रीससकट. त्याच्यामागून आपले कपडे टाकले तर संपलंच. आणि बाहेर डेकवर काही वाळत घालायचं नाही. धुराड्याची काजळी बसते. खारा वारा, वाळलं तरी चिकट लागतं. तेव्हा केबिनच्या बाथरूममध्येच वाळवायचं, आणि पटकन वाळेल तेवढंच न्यायचं… जीन्स एक… एक, उल्के! दुसरी अंगावर घाल, अंगावरचं कोणी तोलत नाही.

आणि साठवायचं नाही, रोजचं रोज बेसिनमध्ये धुवायचं. पिळायचं, कोरड्या टॉवेलात गुंडाळायचं आणि त्यावर उभं राहायचं… हो, हो, तेच! पावसाळ्यात आपण करायचो तेच! तू टॉवेलवर थयथय नाचत होतीस आणि चंद्राबाई धावत वर आल्या, छत पडतंय की काय म्हणून… हो ना… आणि तू म्हणालीस, अक्का, योगासनं चाललीत…

…अंहं. काही नाही. आहे मी, बोल.

आता मुख्य नियम. ज्याची जोडी बॅगेत नाही ते बाहेर. कितीही लाडकं असो. आठवड्याचं भागवायचं तर वरचं सगळं खालच्या सगळ्यावर चाललं पाहिजे. चल, एकेक बोल.

मोहरी रंगाचा कुर्ता… त्याची सलवार?… बघ नीट, खाली असेल… नाहीये? अगं… थांब. माझ्या अंगावर आहे. बरं, कुर्ता बाहेर.

मरून ओढणी… तिचा कुर्ता इथे कपाटात. बाहेर.

बांधणीचा?… त्याची ओढणी काल धुतली मी. बाहेर.

चौकटीची सलवार? ती तर माझीच आहे, चोरटे! महिनाभर शोधतेय मी… नको, पाठवू नकोस. बाहेर काढ, पण कोणाला देऊन टाकू नकोस, कळलं?

काय?… हो. मलाही आत्ताच लक्षात आलं. बंगलोरचं एकही धड जोडीचं नाही. कसं असणार? घेतलंच तसं ना आपण. कुर्ता तू घ्यायचा, त्यावर चालेल अशी सलवार मी. दोघींचं कपाट एक आणि कपडे चौघींना पुरतील एवढे! केवढ्या हुशार समजायचो स्वतःला…

काढ बाहेर. हो, सगळं… मी सांगतेय ना. लग्नातल्यातलं निवड, ते जोडीने आलंय.

आणि ते काय, ऑफिसचे शर्ट? ते कशाला बोटीवर? मुंबईतच ठेव, कपाटात अगदी वर. जुलैत इकडे परत रुजू होशील तेव्हा सापडले म्हणजे झालं… हॅलो?… उल्का?… ऐकू येतंय ना?… काय?… राजीनामा?

…

कधी?… लग्नाच्या आधीच दिलास? म्हणजे बिनपगारी रजा वगैरे काही नव्हतंच… आणि मला कधी सांगणार होतीस? कुठल्या तरी बंदरातून पत्र टाकून?… नाही, रागावले नाही… नाही म्हटलं ना!

अगं मी दोन मुली परत पाठवल्या, उल्का! चंद्राबाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत दुसरी आण नाहीतर खोली सोड. आणि मी आपली सांगत बसलेय, उल्का येतेय, जुलैत येतेय, तिची खाट आहे ती. आज तिसरी येणारेय बघायला, नागपूरची कोणी कस्तुरी. तिला काय सांगायचं ते पण पाठ करून ठेवलं होतं मी…

हो अक्का, स्वल्प, जरा थांबा ना… सरी, सरी, कळलं. दोनच मिनिटं.

…उल्के, रडू नकोस. अगं रुमाल भिजेल, आणखी वजन वाढेल… हसलीस! हसलीस ना? नाकातून हसलीस, आलं ऐकू.

संध्याकाळी? काही नाही गं. आल्यावर खाते काहीतरी… ऑफिसात असतात ना माणसं… हो, बोलते त्यांच्याशी… बोलते म्हटलं ना. तू बॅगेचं बघ.

बाजूच्या कप्प्यात काय?… ती होय. निळी दोरी. मीच ठेवली, तू निघालीस त्या दिवशी, तू टॅक्सीवाल्याशी भांडत होतीस तेव्हा… गच्चीवरचीच. अर्धी कापली… केबिनमध्ये बांध, बाथरूमच्या नळापासून दाराच्या खुंटीपर्यंत. आपली गाठ मार, ती सुटत नाही… मला? मला अर्धी पुरते. एकटीचे कपडे किती असतात!

काय?… हो. नियमाप्रमाणे बाहेरच. तिची जोडी इथे आहे, मान्य… तरी ने. नियम मी केला ना? मग मी मोडते. ने म्हटलं ना, उल्के. काढू नकोस.

आता ध्रुवला बॅग घेऊन काट्यावर उभं कर, मग त्याचं वजन वजा कर… त्याला पोट आत घ्यायला सांगून काय होणार, वेडे!… किती?… एकोणीस? बसली! बघ! सांगितलं होतं ना! आता परत काही घालू नकोस, सासूबाई आल्या तर बॅगेवर बसून राहा…

फाटक वाजलं वाटतं. अक्का गेल्यात बघायला… हो, तीच असेल… माहीत नाही गं. काय सांगू ते माहीत नाही.

चेन लागली? कशी कुरकुरली, इथवर आली ऐकू… हो, पत्र टाक. मोठं नको, दोन ओळी टाक, पण टाक… आणि ऐक, ती चौकटीची सलवार आहे ना, ती तू… हॅलो?… हॅलो?… उल्का?

…हॅलो?

…नाही अक्का, लाइनच गेली… काय म्हणाली? काही नाही. बॅग वजनात बसली म्हणाली.

हो, मीच सुखदा. तू कस्तुरी ना? स्टेशनवरून थेट इथेच आलीस?… खोली… खोलीचं म्हणजे असं आहे की…

अगं, तुझ्या बॅगेतून गळतंय काहीतरी! फरशीवर बघ… तेल? कसलं, माक्याचं?… आईने दिलं होतं… आणि गाडीत फुटलं? सगळ्या कपड्यांवर?… उद्या ऑफिसचा पहिला दिवस आहे? अगं पण… आता तू नको रडूस. बाई गं. सगळ्यांच्या आया एकाच कारखान्यात बनवल्यात.

अक्का, थोडं गरम पाणी द्याल? आणि धुण्याचा सोडा… चल, वर चल. आत्ताच भिजवलं तर निघेल, उन्हं आहेत अजून. दोरी आखूड आहे वरची, सांगून ठेवते, दोघींचं मावत नाही. माझे भिजलेत ते भिजू देत बादलीत. आधी तुझे घालू.

काय?… अगं हो की. फोन हातातच आहे अजून. थांब, ठेवते.