मामांचा मोरचूद

पुन्हा मासे पाळ म्हणता, पण कुठल्या तोंडानं पाळू?

जालन्याच्या घरात मी समुद्राच्या पाण्याची, माशांची टाकी केल्ती. मुंबईहून आणलेलं जिवंत प्रवाळ दोन वर्षं लेकरासारखं जपलं. मंग त्यावर शेवाळ चढलं. औषधानं प्रवाळ मरतं, म्हणून शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगायी सोडल्या अन् चार दिवस लग्नाला गेलो. घर सांभाळायला मामा आल्ते. कुंभार पिंपळगावला त्यांची मोसंबीची बाग.

परतलो तर मामा दारातच.

"तुझ्या टाकीत गोगलगायी शिरल्या होत्या रे! लक्ष कुठंय तुझं?"

"मामा, मीच सोडल्या होत्या. शेवाळ खायला."

"गोगलगाय कुणी हातानं सोडतं का? बागेत एक दिसली तर आम्हाला जेवण जात न्हाई. झाडाला मारतो तो मोरचूद टाकला मूठभर. शेवाळसुद्धा गेलं."

आत धावलो. काचा लख्ख. गोगलगायी उताण्या, प्रवाळ पांढरंफटक. मी टाकीसमोर खालीच बसलो.

मामा शेजारी टेकले. "टाकी बिलकुल साफ झाली बघ. फक्त ते मासे कालपासून उलटे तरंगून राह्यले. त्यांच्यावर कोणतं औषध मारतात?"