बीदर-गुलबर्गा, पंचवीस मिनिटं

पंचवीस मिनिटं? बीदरहून गुलबर्गा, इमानात बसून पंचवीस मिनिटांत? — अन् मला बीदरला कोण सोडणार, तुझी कंपनी? बस अप्पा, खाली बस, तुझा तो फारम घेऊन उभ्या उभ्या काय इचारायलास. हे राजेश्वरचं बसस्टँड. गुलबर्गा हिकडं, बीदर तिकडं. म्हंजे मी आधी दीड तास उलटं जायचं, मग तपासणीला दीड तास बसायचं, मग तुझी ती पंचवीस मिनिटं, मग उतरून गावात जायाला आटो — लाव बेरीज! हितनं हुमनाबादला बस बदलली की अडीच तासांत मी लेकीच्या दारात. अन् सरकारी बसला बायकांना तिकीट लागत न्हाई. लिही तसं.

इमान नको म्हणत न्हाई मी. उडवा की! पण अंतर कशानं मोजायलास तू? मिनिटांनी? माझी मल्लेश्वरी तीन वर्सं झाली गुलबर्ग्यात हाय, अन् मी एकदा सुद्धा गेले न्हाई. कामून? रस्ता न्हाई म्हणून? — रस्ता चांगला डांबरी हाय. घरवाला, बंडेप्पा, जाऊ देत न्हाई. तिनं राजपालशी लगीन केलं. दवाखान्यात नोकरीला हाय पोरगं, शांत हाय, तिला जीव लावतंय. पण जयभीमवाल्यांचं — म्हणून आमच्या बंडेप्पानं सांगून टाकलं, लेक मेली. रोज इभूत लावून बसवण्णांच्या फोटूपुढं हात जोडणारा माणूस! त्याच बसवण्णांच्या शरणांनी बसवकल्याणात बामणाची लेक चांभाराच्या घरात दिली हुती, इचार त्याला. कल्याण हितनं अर्ध्या तासावर. साडेआठशे वर्सं झाली, आमच्या घरात अजून पोचलं न्हाई.

पिशवीत? डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळाला मऊ जुनं लुगडं. अन् हिरवी साडी. आठवा लागलाय तिला. सातव्यात आमच्यात आई कुबसा करती — तुमच्यात डोहाळजेवण म्हणत्यात, तेच — हिरवं नेसवायचं, ओटी भरायची, अन् पयल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची. सातवा सरला. मी बसले वाट बघत, घरवाला आज इरघळंल, उद्या इरघळंल. माझी चुकी, मीच भ्याले. परवा मल्लूचा फोन आला. मागितलं काहीच न्हाई, नुसतं इचारलं — आई, बाळंतीण काय खाती गं? हे फोनवर इचारायची येळ यावी लेकीला? लाज वाटली मला माझी.

मग घरवाल्याच्या डोळ्यांदेखत लाडू वळले. म्हणला, उंबरा वलांडलास तर परत येऊ नको. बत्तीस वर्सं भाकरी थापल्या मी त्या घरात. वलांडला! लेकीला माहेरी येऊ देत न्हाईत ना? मग माहेर चाललंय तिच्याकडं, सरकारी बसनं.

हं, काय काय लिहायचंय? नाव जगदेवी. वय पंचावन्न असंल. प्रवास कशासाठी — बाळंतपण. परत कवा?

— हे सगळ्यांनाच इचारतोस व्हय?

सव्वा महिना तर करावंच लागंल तिचं. मग... मग ते... राहू दे, रिकामं ठेव. न्हाई, थांब. रिकामं कामून? 'न्हाई' लिही. मोठ्या अक्षरात लिही. अन् सर बाजूला, हुमनाबादची बस आली.