बदलीचा टीव्ही

— न्हाई वहिनी, तितं नका ठेवू, तितं वल हाय. ह्या पोत्यावर ठेवा. हां, सावकाश… आनि टेका आधी. तासगावासनं यष्टीत हे खोकं मांडीवर घिऊन आलासा? एकट्या? सिद्धूला तरी आनायचं संगं, एवढा बाप्या गडी घरात असताना तुमी — काय? त्येला सांगितलंच न्हाई? बरं. बरं. पानी घ्या, माठातलं हाय, गाळल्यालं. दुसरं काय न्हाई ह्या गुदामात द्यायला. दुकान पुढल्या अंगाला, तितं काचंचं दार, पंखं, गिऱ्हाइकाला सरबत — मी मागल्या अंगाचा मानूस. कुनी सांगितलं कल्लाप्पा हितं हाय म्हनून? माझ्या दुकानाशेजारच्या पानवाल्यानं? व्हय, बंदच हाय ते दुकान. वरीस होईल ह्या दिवाळीला. आत टेबल हाय अजून, माझी खुर्ची हाय, बाकी उंदरं… काय म्हनलासा? झाला का दुरुस्त? — सांगतो की. सगळं सांगतो. आधी ते पानी तर संपवा.

आनि हे लुगडं कशाला गुंडाळलंय? — वरखडा उठू नये म्हनून! बघू, बघू… आरारारा. काचंवरचं प्लॅस्टिकबी काढलं न्हाई की वहिनी तुमी. महिना झाला न्हवं? गनपतीत न्हेला सिद्धूनं, आज आठवी माळ, आनि प्लॅस्टिक तसंच. परक्याची वस्तू, जशी आनली तशी परत द्यायची — व्हय, तुमचं बरोबर हाय. तुमचं लय बरोबर हाय. माझ्या दुकानाची रीतच हुती तशी. तुमचा सेट माझ्याकडं येऊन पडला की त्यो होईस्तवर तुमास्नी माझी लाल पेटी मिळायची, बारकी. बदली. निम्म्या सांगलीला ठावं हुतं — ‘कल्लाप्पा, बदली दे’ — आनि बदली दिली म्हंजे काय? म्हंजे जबान दिली. तुमचा तुमास्नी परत येनार. तुमच्यात एकदा अकरा दिवस ऱ्हायली ती लाल पेटी. तुमचा घरधनी ज्योतिबा बाजारला आला तवा मला इचारलंबी न्हाई, कवा होनार म्हनून. नुसता येऊन बसला, चुना मागितला, तंबाखू मळली, ‘तुझं चालू दे’ म्हनला. इचारायचं काय? बदली घरात हाय म्हंजे सेट कुठं पळतोय?

आता ह्यो बघा, तुमी आनलेला. सपाट काच. गिऱ्हाईक येतं, काचंवरनं तळहात फिरवतं, ‘आगागा, पाटावानी हाय की!’ — हाय, पाटावानी हाय. पन पाट दोन पिढ्या पुरतो. ह्याला मागं बघा, इस्क्रू किती? चार? न्हाई, दोन. बाकी सगळं दाबून बसवल्यालं, उघडाया गेलं की कडाकडा तुटतंय. उघडूच नये म्हनून तसं केलंय ते. आत बोटभर जागंत एकच पट्टी, तिच्यावरचा एक दाना जळला की सबंद पट्टी काढा, आनि पट्टी मिळत न्हाई, म्हंजे काय करा? टीव्ही टाका. आवं, जुन्या सेटच्या झाकनाला आतल्या अंगानं नकाशा चिकटवल्याला असायचा, ही तार हितं जाती, ती तार तितं. म्हंजे बनवनाऱ्याला ठावं हुतं, कवातरी कुनीतरी हे उघडनार, त्याची अडचन व्हायला नको. आताचा बनवनारा म्हनतो, उघडतोस कशाला येड्या, दुसरा घे. तीन वर्सं. लय झाली तर चार. मी आर्जवला म्हनलं — आर्जव म्हंजे ह्या दुकानाचा मालक, पोरगंच हाय, आमच्या जैन बस्तीत पूजेला माझ्या शेजारी बसतंय, काका म्हनतंय मला — म्हनलं, आर्जवा, हे चार वर्सांत परत येत्याल की रं हितंच. तर हसला. म्हनला, ‘काका, यायलाच पाहिजेत.’

— व्हय, व्हय, तुमच्याच सेटाचं सांगतोय. गाडी कितीची तुमची? साडेपाच? मग हाय येळ. मलाबी दिवस मावळायच्या आत घर गाठायचंय, आमचं जेवन तुमास्नी ठावं हाय, दिवस बुडाला की चंदनबाला ताट वाढत न्हाई… तुमचा सेट मी इसरीन व्हय वहिनी? चौऱ्याऐंशीचा. मूळचं खोकं भुशाच्या फळीचं, वाळवीनं खाल्लं, आनि ज्योतिबा मला म्हनला, कल्लू, मापं दे. दिली मापं. चार म्हैनं लावलं गड्यानं! गावच्या शाळंचं जुनं दार निघालं हुतं, त्यातलं सागवान. आनि पुढं ते सरकतं दार — बोटाबोटाएवढ्या पट्ट्या, मागनं कापड चिकटवल्यालं. कंपनीचं दार कसं, खडखड, खडखड, सगळ्या आळीला कळायचं ह्यांनी टीव्ही लावला. ज्योतिबानं खाचंत मेनबत्ती घासल्याली. हात लावला की गेलंच ते, आवाज न्हाई. मी गिऱ्हाइकास्नी सांगायचो, आत माझं, भाईर ज्योतिबाचं, मग दिल्लीवाल्यांचं ऱ्हायलं काय त्यात? नुसत्या बातम्या. हसायचा ज्योतिबा. दोन वर्सं झाली न्हवं त्येला जाऊन? … काय? सगळी हत्यारं दिरानं न्हेली? करवत, रंधा, समदी? हे मला ठावं न्हवतं. मग तुमी खंडेनवमीला — हां. त्या दाराला. त्या दाराला कुंकू लावलासा, झेंडू घातलासा. गेल्या सालीबी, त्याच्या आधल्या सालीबी. घरात त्याच्या हातचं तेवढंच. म्हनून आजच आलासा. उद्या खंडेनवमी. म्हंजे उद्याच्याला पायजेच.

वहिनी, सिद्धूनं घरी येऊन नेमकं काय सांगितलं हो तुमास्नी? ‘आई, बदली आनलीया, आपला दुकानात दिलाय’ — एवढंच? एवढंच. खोटं न्हाई बोललं पोरगं, त्याच्यावर आग पाखडू नका. भाईर बोर्ड लागलाय, येताना दिसला असंल, पिवळा, त्याच्यावर लाल अक्षरं. ‘जुना टीव्ही द्या, सपाट बदली न्या.’ तुमाला वाचता येत न्हाई, पन सिद्धूला येतंय. त्यानं वाचलं तेच घरी येऊन बोलला. आनि त्यो शब्द… आर्जवाला तितं इंग्रजी लावायचं हुतं. एक्स्चेंज. मला म्हनला, काका, खेड्यातल्या माणसाला कळेल का हे? मी म्हनलं, एक्स्चेंज काय करतोस, बदली म्हन. बदली म्हनलं की डोळं झाकून सेट सोडतंय मानूस. म्हनलं मी. ह्याच तोंडानं. मला वाटलं, माझं दुकान गेलं, निदान बोर्डावर तरी माझा एक शब्द ऱ्हाईल. ऱ्हायला की! तुमी दुसऱ्या हाईसा वहिनी. मागल्या म्हैन्यात जतंकडचा एक धनगर आला हुता, बिराप्पा, पान्याच्या टँकरवर ड्रायवरशेजारी बसून, मांडीवर असंच खोकं. ‘झाला काय आमचा?’ म्हनला. मी काय सांगितलं त्येला? सांगितलं, मालक भाईरगावी गेल्यात, पुढल्या बाजारला या. त्यो पुढल्या बाजारला आला. मी आत लपून बसलो.

तर न्हाई मिळत वहिनी परत. ही बदली ती बदली न्हवं. हिच्यात आपला परत येत न्हाई, हिच्यात आपला जातो. — कुठं हाय म्हंजे? त्या रांगंत नका बघू, त्यात तुमचा न्हाई. ते आजचं हाईत. ते अजून… बसा. बसा म्हनतोय न्हवं. लोकास्नी वाटतं कल्लाप्पा आर्जवकडं मेक्यानिक हाय. चंदनबालालाबी तसंच वाटतंय. मी काय करतो सांगू? माना मोडतो. टीव्हीच्या काचंला मागं मान असती, बारीक, माझ्या अंगठ्याएवढी. चालू सेट सस्त्यात खेड्यापाड्यात गेला तर नवा कोन घेईल? म्हनून जुना आला रं आला की आधी मान मोडायची, मग लाकूड पाववाल्याच्या भट्टीला, तांबं भंगारवाल्याला. पकडीनं नुसतं चिमटायचं. सुस्स… आवाज येतो. आत हवाच नसती न्हवं, ती बनवतानाच काढल्याली, ती अशी एकदम आत शिरती. मानूस मरताना श्वास सोडतो, ही मरताना घेती. पयला आनि शेवटचा. दिसाला पंधरा, कवा वीस. मी चातुर्मासात पाला खात न्हाई वहिनी, त्यात जीव असतो म्हनून. पानी गाळून पितो. आनि घरी गेलो की बायको इचारती, दिसभर काय केलंसा, तर सांगतो, बसून हुतो.

तुमचा आला गनपतीच्या दुसऱ्या दिवशी, पुढनं आलेल्या ढिगात सगळ्यांच्या खाली. दार दिसलं आनि वळखलं मी. व्हय, वळखलं. वळखलं न्हाई असं सांगनार हुतो तुमास्नी, तुमी दारातनं आत येताना तेच ठरवलं हुतं. सरकवून बघितलं, आवाज न्हाई. मागलं झाकन काढलं. आत माझं पेन्सलीनं लिवल्यालं, माझी सवयच ती, तारीख आनि काय बदललं, सहा येळा. आनि त्याच्या खाली ज्योतिबाचं अक्षर. त्यानं कवा लिवलं मला ठावं न्हाई, मला कवा दिसलं न्हवतं. ‘पेटी ज्योतिबाची, आतला जीव कल्लाप्पाचा.’ … रडू नका वहिनी. मग मला बोलता येनार न्हाई. — तर म्हनलं, उघडलाच हाय तर बघावं, झालंय काय ह्येला. काय झालं हुतं? काय न्हाई! एका जागी कथील सुटल्यालं. तिळाएवढं. डाग दिला, बटन दाबलं, पयली खरखर, मग चित्र. शेतीचं काय तरी लागलं हुतं, द्राक्षाची छाटनी दाखवत हुते, आनि मी हितं, ह्याच पोत्यावर बसून, तासगावचा मानूस असल्यागत ती छाटनी बघत बसलो. लय दिसांनी काय तरी नीट केलं हुतं ह्या हातानं.

तेवढ्यात मागं आर्जव. म्हनला, ‘चालू केला काका? वा! आता उरका, टेम्पो थांबलाय.’ मी बोलू शकलो असतो. ह्यो माझ्या दोस्ताचा, ह्यो ठिऊन घेतो, एवढं म्हनायला काय लागतंय? त्यो न्हाई म्हनलाच नसता. जीव तोडून सांगतो, न्हाई म्हनला नसता त्यो. पन मनात आलं, आज एक मागितला, उद्या आर्जवाला वाटंल म्हाताऱ्याला जुन्याचा लळा हाय, ह्येच्यानं काम व्हायचं न्हाई. साठीच्या मेक्यानिकाला दुसरीकडं कोन उभं करतंय? म्हनून गप बसलो. बटन बंद केलं. ज्योतिबाचं दार सरकवून पुढनं लावून घेतलं, आनि मागनं मान मोडली.

— दार? न्हाई. लाकूडबी न्हाई. त्याच सांजंला भट्टीवाल्यानं न्हेलं. शाळंचं सागवान, सांगलीनं पाव खाल्लं त्याच्यावर भाजून. एक पट्टी, एक पट्टी काढून ठेवता आली असती, बोटाएवढी तर हुती. कुंकवाला तेवढी पुरली असती तुमास्नी. न्हाई ठेवली. … असं ह्या पकडीकडं बघू नका वहिनी. उद्या आर्जव हिची पूजा करनार हाय, बाकीच्या हत्यारांसंगं, झेंडू सांगून ठेवल्यात. कुंकू मलाच लावायला लावनार.

उठलासा? आनि हे खोकं? वहिनी, खोकं न्ह्या. त्यो घेत न्हाई परत, बदलीला परत नसतंय, सिद्धू काय म्हनंल? — नुसतं लुगडं न्हेतासा? … बरं. घडी तरी नीट घाला, काचंवरनं ओढू नका… काय? काय म्हनलासा? — व्हय. झाला हुता. धा मिनटं. चांगला झाला हुता.

आलो रं आर्जवा! किती हाईत? ठेव तितंच, वल न्हाई त्या अंगाला. — जावा वहिनी. साडेपाचची चुकंल. जावा म्हनतोय न्हवं, तुमी फाटकाभाईर पडल्याबिगर मला सुरू करता येत न्हाई.